पेटी उघडण्यापूर्वी

विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा एक जुना खेळ आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात एखादी वस्तू घालायची, खोके चिकटपट्टीने बंद करायचे आणि मुलांच्या हाती द्यायचे. खोके हलवा, तिरके करा, वजन करा, जवळ लोहचुंबक न्या. फक्त उघडू नका. आत काय आहे ते सांगा आणि कशावरून म्हणता तेही सांगा. आम्ही हा खेळ वर्गात अनेकदा घेतला आहे. पहिली दोन मिनिटे मुले 'खोडरबर', 'गोटी', 'किल्ली' अशी नुसती नावे ओरडतात. मग कुणीतरी म्हणते, "ते घरंगळतंय, म्हणजे गोल असणार," आणि तिथून विज्ञान सुरू होते. नुसते नाव सांगणाऱ्याचे उत्तर बरोबर आले तरी ते नशीब. घरंगळण्यावरून गोल म्हणणाऱ्याचे उत्तर चुकले तरी त्याचा रस्ता बरोबर असतो.

या लेखात आपण अशीच एक बंद पेटी हाती घेणार आहोत. अमेरिकेतील ॲपल या कंपनीने २००१ ते २०२२ या काळात आयपॉड नावाची यंत्रे विकली. खिशात मावणारे, शेकडो गाणी साठवून ठेवणारे आणि हवे ते गाणे ऐकवणारे हे यंत्र. पुढे त्यात छायाचित्रे आली, चित्रपट आले. नवे यंत्र यायच्या आधी कंपनी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. साहजिकच दर वेळी वृत्तपत्रे, मासिके, शेअर बाजारातले जाणकार आणि हौशी मंडळी यांच्यात अंदाजांना ऊत येई. आता ही सगळी यंत्रे येऊन गेली आहेत आणि त्यांचे उत्पादनही थांबले आहे. म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही आपल्यासमोर आहेत. कोणता अंदाज का बरोबर ठरला आणि कोणता का फसला, हे शांतपणे तपासायला याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

हे तपासायचे कशासाठी? आजही दर वर्षी नव्या फोनबद्दल अशाच बातम्या येतात. 'म्हणतात', 'कळते', 'शक्यता आहे' हे शब्द मुले वाचतच नाहीत. जे येणार असे कुणी म्हटले ते आलेच असे धरून चालतात. त्यापायी घरातला पैसा खर्च होतो किंवा गरजेची खरेदी खोळंबते. आणि गोष्ट फोनपुरती नाही. हीच मुले उद्या बियाण्यांबद्दल, औषधांबद्दल, गुंतवणुकीबद्दल दावे ऐकणार आहेत. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कोण काय म्हणतो ते तोलून पाहायची सवय शाळेतच लागली तर बरे.

पहिली पेटी

ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने पत्रकारांना एका कार्यक्रमाचे आमंत्रण पाठवले. नवे डिजिटल उपकरण दाखवणार, एवढेच त्यात होते. आणि सोबत एक खूण, की हा मॅक नव्हे. मॅक म्हणजे या कंपनीचा संगणक. आपण त्या पत्रकारांच्या जागी आहोत असे समजू या. काय अंदाज करता आला असता?

त्या वेळी काय काय माहीत होते ते आधी मांडू. खिशात गाणे घेऊन फिरण्याची कल्पना जुनी होती. सोनी कंपनीचा वॉकमन १९७९ सालचा. पण वॉकमनमध्ये कॅसेट लागे आणि एका कॅसेटमध्ये तासा-दीड तासाचे संगीत मावे. त्यानंतर सीडी आली. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजतात, प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहितात आणि डाव्या-उजव्या कानांसाठी अशा दोन मालिका ठेवतात. गुणाकार करू:

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला.

चार मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे घेतले आणि ८ बिटांचा एक बाइट धरला, तर एका गाण्याला सुमारे ४२ मेगाबाइट जागा लागते. (येथे आपण १० लाख बाइट म्हणजे १ मेगाबाइट आणि १,००० मेगाबाइट म्हणजे १ गिगाबाइट असे धरू.)

एवढी जागा खिशात कुठून आणायची? यावर एक तोड निघाली होती. शाळेची घंटा घणघणत असताना शेजारची मुलगी कुजबुजली तर ती आपल्याला ऐकू येत नाही. कुजबुज कानापर्यंत पोचते, पण मोठ्या आवाजाखाली दबून जाते. संगीतातही असे दबून जाणारे बारीक आवाज भरपूर असतात. जे ऐकूच येणार नाही ते कशाला तंतोतंत लिहून ठेवायचे? या तत्त्वावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रान्डेनबुर्ग आणि इतरांनी जे काम केले, त्यातून एमपीथ्री ही पद्धत आकाराला आली. दर सेकंदाला १४ लाख बिटांऐवजी १,६०,००० किंवा १,२८,००० बिटांत काम भागू लागले. १,६०,००० बिटांनी चार मिनिटांच्या गाण्याला ४.८ मेगाबाइट लागतात, १,२८,००० बिटांनी ३.८४ मेगाबाइट. कुठे ४२ आणि कुठे ४!

१९९८ साली या पद्धतीची खिशातली यंत्रे बाजारात आली. त्यांपैकी रिओ नावाच्या यंत्रात ३२ मेगाबाइट जागा होती. ३२ ला ३.८४ ने भागा: आठ गाणी, जेमतेम अर्धा तास. वॉकमनपेक्षा कमीच. दुसऱ्या टोकाला २००० साली नोमॅड ज्यूकबॉक्स हे यंत्र आले. त्यात ६ गिगाबाइटची हार्ड डिस्क, म्हणजे हजाराहून जास्त गाणी. पण ती डिस्क मांडीवरच्या संगणकात बसते त्या २.५ इंची जातीची, त्यामुळे यंत्र सीडी वाजवणाऱ्या डब्याएवढे मोठे.

एका बाजूला लहान पण रिकामे, दुसऱ्या बाजूला भरलेले पण मोठे. मध्ये जागा मोकळी होती. ती भरायची तर लहान डिस्क हवी. जपानच्या तोशिबा कंपनीने अशी १.८ इंची डिस्क तयार केली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये ॲपलचे अभियंते जॉन रूबिनस्टाईन तोशिबात गेले असता त्यांना ती दाखवली गेली. तिचा नेमका उपयोग काय करायचा हे तोशिबाचेही ठरले नव्हते. तबकडीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.८ भागिले २.५, त्याचा वर्ग करा: सुमारे ०.५२. म्हणजे तबकडी जवळपास निम्मी.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पेटी उघडली. आत ५ गिगाबाइटची डिस्क असलेले, १८५ ग्रॅम वजनाचे, ३९९ डॉलर किमतीचे यंत्र होते. त्यात हजार गाणी मावतात असे कंपनीने सांगितले. ५,००० भागिले ४.८ करून पाहा. मुलांना हजाराच्या थोडे वर उत्तर मिळेल. जाहिरातीतला आकडाही पाटीवर ताडून पाहता येतो, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यायला ही चांगली जागा आहे.

यातली मुख्य गोष्ट अशी. आमंत्रणातल्या खुणेवरून यंत्राचे नाव ओळखणे अशक्य होते. पण गाण्याला किती जागा लागते, डिस्क केवढी आहे आणि खिसा केवढा आहे, या तीन गोष्टी ज्याला माहीत होत्या त्याला 'असे यंत्र आता शक्य झाले आहे' एवढे नक्की म्हणता आले असते. शक्य काय आहे ते सांगणे आणि काय घडणार ते सांगणे या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी गणिताची आहे, दुसरी नाही.

पाण्याची टाकी आणि बॅटरी

जागेचा प्रश्न सुटला तरी विजेचा उरतो. डिस्कमधली तबकडी मोटरवर गरगर फिरत असते. ती सतत फिरत राहिली तर खिशातली छोटी बॅटरी लवकरच मान टाकणार. पहिला आयपॉड मात्र एकदा विद्युतभारित केला की दहा तास चालतो, असे कंपनीचे म्हणणे होते. हे कसे?

आपल्या घरी पाण्याचा पंप आपण दिवसभर चालू ठेवत नाही. गच्चीवरची टाकी भरून घेतो, पंप बंद करतो आणि नळाला पाणी टाकीतून येत राहते. आयपॉडमध्ये डिस्कशिवाय ३२ मेगाबाइटची एक लहान स्मृती होती. डिस्क थोडा वेळ फिरून काही गाणी या स्मृतीत ओतून ठेवी आणि थांबून जाई. गाणे वाजे ते स्मृतीतून. सेकंदाला १,६०,००० बिट म्हणजे २०,००० बाइट. या हिशोबाने ३२ मेगाबाइट १,६०० सेकंद, म्हणजे २६-२७ मिनिटे पुरतात. कंपनीने २० मिनिटे सांगितली होती. थोडी जागा यंत्राच्या स्वतःच्या कामाला लागणारच. मधल्या काळात डिस्क स्वस्थ. विजेची बचत झाली आणि चालताना धक्का बसला तरी गाणे अडखळेना.

पुढच्या अंदाजांसाठी हा धागा लक्षात ठेवू. खिशातल्या यंत्राला तीन बंधने आहेत: साठवायची जागा, वापरायची वीज आणि सोसवेल एवढा आकार. एक वाढवायला गेले की दुसऱ्यावर ताण येतो. ज्या अंदाजात या तिन्हींचा विचार नाही तो अंदाज खोक्यातल्या वस्तूचे नुसते नाव ओरडण्यासारखा.

याचे चांगले उदाहरण म्हणजे चित्रपट दाखवणारा आयपॉड. ऑक्टोबर २००४ मध्ये रंगीत पडद्याचा, छायाचित्रे दाखवणारा आयपॉड आला, तेव्हा पुढचे पाऊल चलच्चित्राचे असणार असे पुष्कळांनी म्हटले. स्वतः जॉब्ज यांनी मात्र एवढ्याशा पडद्यावर चित्रपट पाहण्याबद्दल जाहीरपणे फारसा उत्साह दाखवला नव्हता. कुणावर विश्वास ठेवायचा? १२ ऑक्टोबर २००५ रोजी उत्तर मिळाले. अडीच इंची पडद्याचा, चलच्चित्र दाखवणारा आयपॉड बाजारात आणल्याचे कंपनीने जाहीर केले. पण त्याची बॅटरी किती टिके ते पाहा. ३० गिगाबाइटच्या यंत्रावर १४ तास संगीत किंवा २ तास चलच्चित्र. ६० गिगाबाइटच्या यंत्रावर २० तास संगीत किंवा ३ तास चलच्चित्र.

भागाकार करा. पहिल्यात ७ पट, दुसऱ्यात जवळपास तेवढीच. गाणे ऐकताना पडदा विझलेला असतो आणि डिस्क बहुतेक वेळ झोपलेली असते. चित्र पाहताना पडदा सतत उजळलेला, दर सेकंदाला लागणारी माहिती अनेक पटींनी जास्त, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते आणि डिस्कला वारंवार उठावे लागते. 'चित्रपट दाखवणारे यंत्र येईल' हा अंदाज बरोबर ठरला. पण विजेचा हिशोब करणाऱ्याला त्यापुढचेही सांगता आले असते, की ते आले तरी एका बैठकीला मोठा चित्रपट जेमतेम संपेल.

रेषा पुढे ओढण्याचा मोह

आता साठवणुकीकडे वळू. आयपॉडची सर्वांत मोठी साठवण कशी वाढली ते पाहा. ऑक्टोबर २००१ मध्ये ५ गिगाबाइट, मार्च २००२ मध्ये १०, जुलै २००२ मध्ये २०, सप्टेंबर २००३ मध्ये ४०, ऑक्टोबर २००४ मध्ये ६०.

या वाढीमागे सुंदर भौतिकशास्त्र आहे. डिस्कवर माहिती म्हणजे चुंबकाचे अतिशय बारीक ठिपके. ठिपके जितके लहान करावेत तितके ते क्षीण होतात आणि वाचणारे टोक तितके संवेदनशील लागते. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले, की चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचे अतिपातळ थर एकावर एक रचले तर बारीकशा चुंबकीय बदलानेही त्यांचा विद्युतरोध बराच बदलतो. या गुणावर चालणारी टोके १९९७ पासून डिस्कमध्ये आली. दोघांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर २००५ च्या सुमारास आणखी एक युक्ती वापरात आली. आगकाड्या जमिनीवर आडव्या मांडल्या तर जागा खूप खातात, उभ्या रोवल्या तर थोड्या जागेत पुष्कळ मावतात. तसे चुंबकीय ठिपके आडवे न ठेवता उभे ठेवायला सुरुवात झाली.

समजा, सप्टेंबर २००३ मध्ये एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने पुढचा अंदाज करायचे ठरवले. ५ वरून ४०, म्हणजे तीन वेळा दुप्पट; तेही २३ महिन्यांत. साधारण पावणेआठ महिन्यांना एक दुप्पट. आलेख कागदावर काढून त्याने रेषा चार वर्षे पुढे ओढली असती, तर सप्टेंबर २००७ साठी ४० च्या सहा दुपटी, म्हणजे २,५०० गिगाबाइटच्या वर आकडा आला असता. त्या महिन्यात प्रत्यक्षात आलेला सर्वांत मोठा आयपॉड १६० गिगाबाइटचा होता. अंदाज पंधरा पटींहून जास्त चुकला!

गणितात चूक नव्हती; चूक गृहीतात होती. वाढीचा वेग तसाच राहील असे त्याने न सांगता धरले. शिवाय एक साधा प्रश्न विचारायचा राहिला: कुणाला हवे आहे? १६० गिगाबाइटमध्ये ४.८ मेगाबाइटची ३३,००० हून जास्त गाणी मावतात. चार मिनिटांचे एक असे रात्रंदिवस ऐकत बसले तर ९२ दिवस लागतील. तहान भागल्यावर घागर मोठी करून उपयोग नाही. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या आयपॉडची साठवण नंतरही १६० च्या वर कधी गेलीच नाही.

त्या मानाने दुसरा अंदाज बघा. जून २००४ मध्ये तोशिबाच्या ६० गिगाबाइटच्या लहान डिस्कची बातमी आली. असली डिस्क घेणारे मोठे गिऱ्हाईक कोण, हे सर्वांना ठाऊक होते. त्यावरून ६० गिगाबाइटचा आयपॉड येणार असा अंदाज बांधला गेला आणि ऑक्टोबरमध्ये तो खरा ठरला. हा अंदाज रेषा ओढून केलेला नव्हता. सुतार काय बनवणार हे त्याच्या दारात उतरलेल्या लाकडावरून ओळखावे, तशातला तो होता.

उलट्या दिशेने आलेले उत्तर

दारात उतरलेल्या लाकडाचेच दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. २००४ मध्ये आलेला आयपॉड मिनी एक इंची डिस्कवर चाले. त्याची साठवण ४ आणि पुढे ६ गिगाबाइट. लोकांना तो खूप आवडला होता. आता याच्या पुढचा कसा असेल? आकड्यांची चढण पाहणारा म्हणेल, ८ किंवा १० गिगाबाइटचा. ७ सप्टेंबर २००५ रोजी मिनीच्या जागी नॅनो आला. साठवण २ आणि ४ गिगाबाइट. म्हणजे कमी झाली!

झाले असे की डिस्कच गेली होती. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या शफल या छोट्या आयपॉडमध्ये डिस्क नव्हती. तिच्या जागी फ्लॅश स्मृती, म्हणजे आज आपल्या फोनमधल्या कार्डात असते ती चिप होती. चिपमध्ये काही फिरत नाही. वीज कमी लागते, धक्क्याची भीती नाही, आणि यंत्र पातळ करता येते. अडचण किमतीची होती, आणि ही किंमत वेगाने उतरत होती. नॅनोचे वजन होते ४२ ग्रॅम. ४ गिगाबाइटला ३.८४ मेगाबाइटने भागले तर पुन्हा हजारच गाणी येतात. चार वर्षांपूर्वीचीच हजार गाणी, पण पाव भागाहूनही कमी वजनात. वाढ थांबली नव्हती. तिने दिशा बदलली होती. साठवण वाढवण्याऐवजी ती आकार कमी करण्यात खर्च झाली.

पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये ॲपलने फ्लॅश स्मृती बनवणाऱ्या पाच कंपन्यांशी २०१० पर्यंतच्या पुरवठ्याचे करार केले आणि त्यापोटी १२५ कोटी डॉलर आगाऊ देण्याचे जाहीर केले. भविष्य सांगणाऱ्या शंभर लेखांपेक्षा ही एक ओळ जास्त वजनाची होती. जो एवढा पैसा आधी मोजतो तो पुढे डिस्क सोडून चिपकडे जाणार, हे अनुमान धोक्याचे नव्हते. माणसे काय बोलतात त्यापेक्षा पैसा कुठे ठेवतात ते पाहावे, हा व्यवहारातला शहाणपणा इथेही लागू पडतो.

चित्र बरोबर, चौकट चूक

२००६ साली एक अंदाज सारखा कानावर येई: सबंध पुढचा भाग पडद्याने व्यापलेला, बटणांऐवजी बोटाच्या स्पर्शाने चालणारा आयपॉड येणार. ९ जानेवारी २००७ रोजी खरोखरच साडेतीन इंची स्पर्शपडद्याचे यंत्र आले. पण तो आयपॉड नव्हता, फोन होता. संगीताचे यंत्र त्या फोनच्या पोटात गेले होते. स्पर्शपडद्याचा आयपॉड आला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ८ आणि १६ गिगाबाइट साठवणुकीचा.

हा अंदाज बरोबर धरायचा की चूक? पडदा, स्पर्श, आकार सगळे जुळले. पण 'पुढचा आयपॉड कसा असेल' असा प्रश्न घालून घेतल्यामुळे 'पुढे आयपॉड लागेल का' हा प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून सुटला. एकाच खिशात दोन यंत्रे कशाला बाळगायची? फोनच गाणी ऐकवू लागल्यावर आयपॉडची गरज ओसरत गेली. खोक्यात काय आहे हे ओळखण्यात आपण इतके गुंतून जातो, की खोके टेबलावरून नाहीसे होत आहे हे दिसत नाही.

निसर्गाची पेटी आणि कंपनीची पेटी

विज्ञानातही न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आपल्या आवर्तसारणीतल्या एका रिकाम्या घरात कोणते मूलद्रव्य बसेल ते सांगून ठेवले. त्याची घनता सुमारे ५.९ असेल असेही सांगितले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडले. त्यांनी मोजलेली घनता ४.७ आली. मेंडेलीव्हने कळवले, नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तेव्हा ती ५.९ निघाली.

हे अनुमान थोर का? त्यात आकडा होता, तो कोणत्या नियमावरून आला ते सांगितलेले होते, आणि मोजमाप वेगळे आले असते तर ते उघड उघड चूक ठरले असते. आयपॉडबद्दलच्या चांगल्या अंदाजांतही हेच गुण दिसतात.

तरी एक फरक विसरता कामा नये. गॅलियमला आपल्याबद्दल कोण काय म्हणतो याची फिकीर नव्हती. कुणी अंदाज केला म्हणून त्याची घनता बदलली नसती. कंपनी मात्र आपले मत बदलू शकते. चालण्याजोगे यंत्र ती कपाटात ठेवू शकते, आवडते यंत्र बंद करू शकते, अंदाज ऐकून बेत फिरवूही शकते. शिवाय अंदाजाचा परिणाम विक्रीवर होतो: पुढचे चांगले येणार असे कळले की लोक आजचे घेत नाहीत. म्हणून कंपन्या गुप्तता पाळतात. निसर्गाने काही लपवून ठेवायचे ठरवलेले नसते. कंपनीने ठरवलेले असते. त्यामुळे निसर्गाच्या पेटीबद्दल जितके खात्रीने बोलता येईल तितके कंपनीच्या पेटीबद्दल कधीच येणार नाही. बंधने मोजून फार तर एवढे सांगता येते, की हे शक्य आहे आणि ते शक्य नाही. शक्य असलेल्यांतून निवड कोणती होईल हे माणसांच्या मनावर आहे.

वर्गात काय करता येईल

पुढच्या वेळी नव्या फोनबद्दलची एखादी बातमी छापून आली की ती कापून वर्गात आणावी. मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारायला सांगावेत.

पहिला: यात मोजता येईल असा आकडा आहे का? 'जबरदस्त बॅटरी' याला अर्थ नाही. 'वीस तास' याला आहे.

दुसरा: जागा, वीज आणि आकार ही बंधने पाळून हे शक्य आहे का? पाटीवर गुणाकार-भागाकार करून पाहू.

तिसरा: हे कशावरून म्हटले आहे? कुणी सुटे भाग पाहिले, करार पाहिला, की नुसती रेषा पुढे ओढली? की काहीच नाही?

चौथा: काय घडले तर हे चूक ठरेल? जे कशानेच चूक ठरत नाही त्यातून आपल्याला काही कळतही नाही.

बातमीच्या कडेला मुलांनी आपले उत्तर आणि तारीख लिहून कागद कपाटात ठेवावा. यंत्र बाजारात आले की कागद काढून ताडून पाहावा. आपलाच चुकलेला अंदाज आपल्याच अक्षरात वाचण्यासारखा दुसरा धडा नाही. उत्तर चुकले म्हणून गुण कापू नयेत; कारण न देता बरोबर आले त्याचे मात्र कापावेत.

लहान वर्गांसाठी सोपे गणित हवे असेल तर एक असे: ३२ गिगाबाइटच्या कार्डात चार मिनिटांची, ४.८ मेगाबाइटची किती गाणी मावतील आणि रोज एक तास ऐकले तर ती किती दिवस पुरतील? उत्तर आले की मुलांना विचारावे, मग याच्या दुप्पट कार्ड तुम्हाला कशाला हवे?

शेवटी पहिल्या पेटीकडे परत येऊ. हार्ड डिस्कवर चालणारा आयपॉड सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला. त्याचे कारण ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी पुढच्या महिन्यात सांगितले: त्याला लागणारे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. ज्या लहानशा डिस्कमुळे तो शक्य झाला त्या जातीच्या डिस्क बनणे सरले, आणि त्याबरोबर तोही सरला. शेवटचा, स्पर्शपडद्याचा आयपॉड मे २०२२ मध्ये थांबवल्याचे जाहीर झाले. आरंभ आणि शेवट दोन्ही ओळखायला कंपनीच्या मनात शिरायची गरज नव्हती. पोटातला भाग कोणता आणि तो कोण बनवते एवढे पाहणाऱ्याला पुष्कळसे आधीच दिसले असते. खोके हलवून कान देणाऱ्या मुलालाही तेच दिसते. त्याच्या शेजारी बसून 'कशावरून?' एवढे विचारणे, हे आपले काम.